सातवी ओळ

"पैला तुकडा मोडून बाजूला ठेवायचे. कुठंबी जेवाय बसू द्या."

सदाशिवरावांचे पेन थांबले. गंगापूरच्या स्मारकस्तंभावर कोरायच्या हुतात्म्यांची यादी उद्या तहसीलीत द्यायची होती. सहा नावे झाली होती. सातवी ओळ कोरी होती.

"कुणासाठी, साळूबाई?"

"पाखऱ्यासाठी. आमचा बैल. मानसाआधी त्याला." ती हसली. "लई येडं मानूस."

सदाशिवरावांनी चष्मा काढला. वकिली सोडून ते निजामाविरुद्धच्या लढ्यात उतरले, दोनदा तुरुंगात गेले, आणि अठ्ठेचाळीस साली सरहद्दीवरच्या कॅम्पात चाळीस माणसांचे प्रमुख झाले. करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, नाके जाळायला जाणाऱ्या या माणसांसाठी नियम त्यांनीच केला होता : खरे नाव, गाव कोणी सांगायचे नाही, कोणी विचारायचे नाही. एक पकडला गेला तर दुसऱ्याचे घर वाचावे. टोपणनावेही त्यांनीच दिली. साळूबाईच्या नवऱ्याला त्यांनी सांडू म्हटले. नियम माणसांपुरता होता, म्हणून सांडू बैलाविषयी मनसोक्त बोले. पाखऱ्याचे नाव सदाशिवरावांना चोवीस वर्षे ठाऊक होते. माणसाचे नव्हते. पोलिस ॲक्शननंतर ते गावोगाव, बाजारोबाजारी पाखऱ्या नावाचा बैल कुणाचा, असे विचारत फिरले. शेवटी ते कानावर जाऊन आज सकाळच्या एसटीने ही बाई गुलमंडीमागच्या त्यांच्या घरी आली होती. कपाळावर रुपयाएवढे कुंकू होते.

"हायेत कुठं?" तिने विचारले.

"नाक्यावर गोळी लागली. श्रावणात. महिनाभरानं निजाम शरण आला."

त्यांच्या पत्नी अनसूयाबाईंनी आणलेल्या चहाची बशी साळूबाईने खाली ठेवली. ती म्हणाली, "पानी कोन पाजलं?"

"मी."

"आन् अग्नी?"

"गोदेकाठी. मीच दिला. सांडू म्हणूनच हाक मारली. दुसरं काय म्हणणार?" त्यांचा आवाज खाली आला. "आता खरं नाव सांगा. कोरून तरी ठेवतो."

साळूबाईने पदर ओढून घेतला. "म्या नाव नाय घ्यायची."

अनसूयाबाई जवळ सरकल्या. "मला कळतं, बाई. मीसुद्धा चाळीस वर्षं 'अहो'वर भागवलंय. माझ्या कानात सांगा."

"त्ये नाय, अक्का." साळूबाई सदाशिवरावांकडे वळली. "सासू म्हनली कुंकू पूस, भाऊ म्हनला पूस. म्या नाय पुसलं. ह्या कुंकवावर रान केलं, पोरगी उजवली. नाव दगडावर चढलं, की गाव बांगड्या फोडाय दारात."

"पण चोवीस वर्षं शोधतोय मी."

"घर घावलं ना तुमाला? मग झालं तर, वकीलसाहेब." तिचा आवाज चढला नाही. "सांडू तुमचा व्हता. त्यो गेला. सांडूच लिवा. माझा मानूस माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."

तिच्या गावात एक निरोप धाडला असता, तर नाव संध्याकाळपर्यंत कळले असते. हे तिला माहीत होते, त्यांनाही. नियम मोडण्याइतके सोपे काम त्यांच्यासमोर आयुष्यात कधी आले नव्हते.

त्यांनी चष्मा चढवला आणि सातव्या ओळीत लिहिले : सांडू. वडिलांच्या नावाच्या, गावाच्या रकान्यांत आडव्या रेघा ओढल्या.

"येते. यष्टी जाईल."

सवाष्ण घरातून निघाली म्हणून अनसूयाबाई सवयीने देवघराकडे वळल्या, आणि थबकल्या. नवऱ्याकडे पाहू लागल्या. विधवेला कुंकू लावायचे नसते, आणि या घरातले सोवळे-ओवळे अजून पुरते सुटले नव्हते.

सदाशिवराव उठले. देवघरातला कुंकवाचा करंडा त्यांनी आयुष्यात प्रथमच हातात घेतला आणि झाकण काढून बायकोपुढे धरला.

"लाव," ते म्हणाले.

अनसूयाबाईंनी बोट बुडवले. साळूबाईने डोळे मिटून कपाळ पुढे केले.  तिचे डोळे उघडेपर्यंत सदाशिवरावांनी करंडा खाली ठेवला नाही.