अर्धं गणित आणि माझी घंटा

मी एक जुना टायमर आहे. मला सेल लागत नाही, वायर लागत नाही. माझं डोकं धरून पिळायचं, मी टिकटिकत मागे येतो आणि शून्याला पोचलो की वाजतो. म्हणजे, वाजायचो. मित्रांनो, आता मी वाजत नाही. का, ते सांगतो. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. स्प्रिंग बसवली की त्या प्रत्येक टायमर कानाशी धरून, डोळे मिटून ऐकायच्या. मला त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "जा, बरा आहेस."

पुढची नऊ वर्षं मी एका बेकरीत काढली. भट्टीशेजारच्या फळीवर पिठाने पांढरा होऊन बसायचो. बेकरीवाल्याच्या बहिणीचे यजमान पाव न्यायला यायचे, ते नेहमी सांगितलेल्या वेळेनंतर तासाभराने. बेकरीवाला त्यांच्यासमोरच गिऱ्हाइकांना म्हणायचा, "आमच्या भावोजींपेक्षा हा टायमर भरवशाचा. वेळेवर बोलतो आणि एकदाच बोलतो." भावोजी हसायचे आणि छत्री विसरून जायचे.

मग बेकरीत नवी भट्टी आली. तिच्या पोटातच घंटा होती. मला कुणी विचारेना. दोन वर्षं मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो. शेवटी बेकरीवाल्याने मला बहिणीला देऊन टाकलं.

त्या घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी ठरत नसे. जेवताना उठायची, वहीत अर्धी ओळ लिहून खिडकीशी जायची. शाळेच्या डायरीत लाल शाईने एकच वाक्य पुन्हा पुन्हा येई: लक्ष नाही. तिचं भिरभिरणं सगळ्यांना दिसे. पण शाळेत निघताना ती आईला सात वेळा विचारायची, "तू न्यायला येशील ना? नक्की? आणि विसरलीस तर?" ते मात्र सगळ्यांना लाडात येणं वाटे.

एकदा आई तिला मुलांच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी घरातलं एखादं वाजणारं घड्याळ आणायला सांगितलं होतं, म्हणून पर्समध्ये मी होतो. बाबा, म्हणजे बेकरीतले तेच भावोजी, बाहेर फोनवर बोलत होते.

"तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत एडीएचडी लिहिलंय," बाई आईला म्हणाल्या, "आणि खाली चिंता लिहिलीय. दोन्ही ओळी वाचा. एकच वाचलीत तर फसाल. तिचं लक्ष पळतं, आणि पळालं म्हणून तिला भीती वाटते. भीती वाटली की ते आणखी पळतं."

मग त्यांनी मला भिंगरीच्या हातात दिलं. "याचं डोकं फक्त तू पिळायचं. दहा मिनिटं. वाजला की उठायचं. गणित अर्धं राहिलं तर?"

"बाबा रागावतील."

"अर्धं राहू द्यायचं. हाच तुझा अभ्यास."

तेवढ्यात बाबा आत आले. त्यांनी ऐकलं ते एवढंच: टायमर, दहा मिनिटं. कागद त्यांनी वाचला तो पहिल्या ओळीपर्यंत.

मित्रांनो, पहिले बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. भिंगरी मला पिळायची, विचारायची, "वाजशील ना रे?" आणि लिहायला बसायची. मी वाजलो की उडी मारून गॅलरीत पळायची, कठड्याला हात लावून परत यायची. बेकरीत मी पाव सांभाळले होते. इथे मी एका मुलीला सुट्टी देत होतो. मला थोडा गर्वही झाला होता.

तेराव्या दिवशी बाबांनी वही उघडली. पाच गणितं, पाचही अर्धी.

"हे काय? अर्धं टाकून उठायचं? ही कुठली पद्धत?"

"अहो, बाईंनीच सांगितलंय तसं," आई म्हणाली.

"बाईंना चाचणी द्यायचीय का? मी असाच होतो. मला दोरीने खुर्चीला बांधून बसवलं वडिलांनी. सुधारलो की नाही?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. सदऱ्याचं एक बटण खालच्या काजात होतं. पण आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि मला तर वाजण्यापलीकडे बोलता येत नाही.

त्यांनी मला उचललं आणि माझं डोकं पिळलं. "घंटा व्हायच्या आत पाच गणितं. झाली नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून."

बस्, एवढाच बदल. घड्याळ तेच, दहा मिनिटं तीच. आता भिंगरी वहीकडे बघेचना, माझ्याकडे बघायची. तळहातांच्या घामाने पान ओलं व्हायचं. मी वाजायच्या आधीच तिला उचकी लागायची. थांबावं असं मला फार वाटे. पण मला तसं बनवलं नव्हतं.

"बघ, टायमर असूनसुद्धा करत नाही," बाबा म्हणायचे.

चाचणीच्या दिवशी त्यांनी मला दप्तरात घातलं आणि वर्गाच्या बाईंना चिठ्ठी दिली: समोर ठेवावा, सवय आहे. वर्गात बावन्न मुलं. बाई दुष्ट नव्हत्या, दमलेल्या होत्या. त्यांनी मला ठेवलं. मी वाजलो. पोरं खदखदून हसली. भिंगरी बाकाखाली शिरली आणि शाळा सुटेपर्यंत बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव टिकटिक पडलं. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं.

एका रविवारी तिने मला न्हाणीघरात नेलं. रागाने नाही. मला तिने आपल्या रुमालात गुंडाळलं, भरल्या बादलीत हळूच सोडलं आणि म्हणाली, "आता तूपण थांब."

मी गंजलो. त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंसमोर खुर्चीवर बसले. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "खालची ओळ वाचा. मोठ्याने." त्यांनी वाचली. मग बराच वेळ ते आपलं चुकलेलं बटण चाचपत राहिले.

"आता सुरू करतो पुन्हा, बरोबर पद्धतीने," ते म्हणाले. "नवीन टायमर आणतो."

"घंटा आता नाही चालायची," बाई म्हणाल्या. "शाळेची घंटा ऐकूनसुद्धा ती कान झाकते. हे एक साधन आपण वाया घालवलं. दुसरं शोधू. वेळ लागेल."

आपण, असं बाई म्हणाल्या. चांगल्या होत्या म्हणून.

तर मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी भिंगरी असेल तर घंटेला हसू नका. आणि घरातल्या मोठ्यांनो, हे तुम्हीही वाचत असाल तर कागद शेवटपर्यंत वाचा. मला कुणी पाण्यात टाकलं याचं मला दुःख नाही. तिने मला वाजशील ना म्हणून विचारलं होतं आणि मी तिच्यासाठी वाजणं सोडून तिच्यावर वाजत राहिलो, याचं आहे.

आता मी तिच्याच खणात असतो. अधूनमधून ती मला बाहेर काढते, माझं डोकं पिळून पाहते आणि डोळे मिटून मला कानाशी धरते. कारखान्यातल्या त्या बाई मी चालतोय ना, ते ऐकायच्या. ही ऐकते, मी अजून बंदच आहे ना.