टेबलावर नीट वाजतो

भावजींचा व्हॉल्व्हवाला गिटार-अॅम्प्लिफायर मध्येच खरखरतो म्हणून तिसऱ्यांदा टेबलावर आला, तिसऱ्यांदा नीट वाजला, आणि दुरुस्तीवाल्याने तिसऱ्यांदा तेच ऐकवलं, "यात काही नाही, भावजी. दुखणं असलंच तर तुमच्या कानात असेल."

म्हणाला हसतच. बहिणीच्या नवऱ्याशी एवढी थट्टा चालते. भावजी मात्र हसले नाहीत. अॅम्प्लिफायर उचलून घरी गेले.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. "झालं तुझं समाधान? ह्यांनी गिटार विकायला काढली. उद्या दुपारी गिऱ्हाईक येतंय. म्हणतात, कानच गेले तर हात कशाला चालवायचे?"

"अगं, मी गंमत केली!"

"तुझी गंमत तुझ्यापाशी ठेव. तो खोका आता तुझ्या टेबलावर यायचा नाही. सकाळी तूच इकडे ये, आणि नुसता बसून ऐक."

आता, दुरुस्तीवाल्याची एक पद्धत होती. खोक्यातून आतला सांगाडा काढायचा, टेबलावर उलटा ठेवायचा, म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह शिस्तीत उभे राहतात आणि सगळं हाताशी येतं. मीटर लावून, डोळ्यांत तेल घालून त्याने प्रत्येक सांधा तपासला होता. म्हणून तर सकाळी तो आला तो जरा नाक वर करूनच.

अॅम्प्लिफायर खिडकीपाशी स्टुलावर होता. "लावा, भावजी."

"कशाला? मला रोजच ऐकू येतंय. तुला येणार नाही."

"लावा तरी."

दहा मिनिटं झाली, वीस झाली. सूर स्वच्छ. 'बघा, मी म्हणत नव्हतो?' हे दुरुस्तीवाल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, तेवढ्यात भावजींनी जाड तार छेडली आणि आत कुणी कागद चुरगळावा तसा आवाज झाला. खर्रर्र.

भावजींचा हात थांबला. त्यांनी अॅम्प्लिफायरकडे पाहिलंच नाही. मेहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला आला?"

"आला."

"खरंच? का माझं मन राखतोस?"

"भावजी, मुडदा उठून बसेल एवढा आला."

स्वयंपाकघरातून ताई म्हणाली, "मी महिनाभर तेच सांगतेय. पण माझ्या कानांना विचारतो कोण?"

"मला वाटलं, तू माझी समजूत काढतेयस."

"चाळीस वर्षांत कधी काढलीय?"

दुरुस्तीवाल्याने मागून बॅटरीचा उजेड टाकला. खोक्यात सांगाडा वरच्या फळीला असतो, त्यामुळे व्हॉल्व्ह खाली डोकं करून लोंबतात. दोन मोठ्यांपैकी एक सॉकेटमधून सूतभर खाली सरकून तिरपा झाला होता. तापला की आणखी सैल होई आणि जाड तारेच्या धक्क्याने थरथरे. टेबलावर तो आपल्याच वजनाने सॉकेटमध्ये घट्ट बसे. उभ्याने चक्कर येणाऱ्या माणसाला दुरुस्तीवाल्याने तीनदा आडवं झोपवून तपासलं होतं.

शेजारच्या व्हॉल्व्हला तारेची स्प्रिंग आवळून धरत होती. याच्यापाशी नुसती स्क्रूची दोन भोकं.

दोन वर्षांपूर्वी हा व्हॉल्व्ह त्यानेच बदलला होता. स्प्रिंग हट्टी होती, बोटाला चिमटा काढत होती, म्हणून आधी तीच सोडवली. पुढे ती टेबलावर सापडली, तेव्हा कुठल्यातरी रेडिओची असेल असं मनाशी ठरवून त्याने तिच्यात दुकानाच्या किल्ल्या अडकवल्या. त्या आत्ताही खिशात होत्या.

'जुनं मशीन, सॉकेट सैल झालं,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्या घरात त्याला खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

"काय निघालं?" भावजींनी विचारलं.

त्याने किल्ल्या काढून स्टुलावर ठेवल्या. "हे निघालं. ही स्प्रिंग तुमची. मीच काढली आणि लावायला विसरलो. वर तुमच्याच कानांना नावं ठेवली."

भावजींनी किल्ल्या उचलून स्प्रिंग निरखली. "तीनदा ठेवलीस."

"तीनदा."

"मग आता तीनदा उलटं म्हण."

"तुमचे कान चांगले आहेत, भावजी. चांगले आहेत."

"दोनच झाले!" आतून आवाज आला.

"चांगले आहेत, ताई, चांगले आहेत!"

भावजींनी गिऱ्हाइकाला फोन लावला. "गिटार विकायची नाही... हो, कान बरे झाले... छे हो, डॉक्टर कुठला? मेहुणा!"

व्हॉल्व्ह निवल्यावर स्प्रिंग आपल्या जागी गेली. सांगाडा खोक्यात गेला, व्हॉल्व्ह खाली लोंबते. तापल्यावर खरखरतो का ते बघायला भावजी पुन्हा अर्धा तास वाजवायला बसले आणि दुरुस्तीवाला जमिनीवर, खोक्याला कान लावून. किल्ल्या सुट्ट्या होऊन स्टुलाखाली विखुरल्या होत्या.

"पानं वाढलीत, उठा," ताई म्हणाली.

दोघांपैकी एकही हलला नाही. अर्धा तास व्हायला अजून बारा मिनिटं होती.