निर्जळी

शोभनाकाकूंनी दार उघडलं, नेत्राला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही.

आठ आठवड्यांपूर्वी, मागच्या खेपेला, तिने बूट काढायच्या आतच काकूंनी स्टीलचा पेला पुढे केला होता. अमेरिकेतल्या कॅरी शहराबाहेरच्या या वस्तीत सगळ्यांना बोअरचं पाणी. कारखान्यातलं रसायन जमिनीखालून कुठवर पोचतं, हा नेत्राच्या पीएच.डी.चा विषय, म्हणून ती घरोघरी पाण्याचे नमुने घेत हिंडायची. चढावरच्या दोन घरांचे आकडे तिने आधीच पाहिले होते आणि ते वाईट होते. पेला बघून ती गडबडली. "आज माझा निर्जळी उपवास आहे," असं ठोकून दिलं, नळाखाली बाटल्या भरल्या आणि निघाली. गाडीत बसल्याबरोबर स्वतःच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली.

आज तिने रिपोर्ट टेबलावर ठेवला. सात महिन्यांची नात चारुता काकूंच्या मांडीवर होती.

"पाणी चांगलं नाहीये, काकू. लिमिटच्या नऊ पट आलंय. आजपासून प्यायला वापरू नका."

काकूंनी कागदाला हात लावला नाही.

"त्या दिवशी कसला उपवास होता गं? एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती. तू गेल्यावर मी कॅलेंडर बघितलं."

नेत्राने मान खाली घातली. "नव्हता उपवास. खोटं बोलले मी."

"ते कळलंच होतं." काकूंनी तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. त्यावर नाव होतं नेत्रा पटवर्धन. मग त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं. "मला वाटलं, आमच्या घरचं म्हणून नको म्हणालीस. तीस वर्षं झाली इथे येऊन. आमच्या ह्यांनाही बोलले नाही मी."

नेत्राच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं याचीच तिला जास्त लाज वाटली.

"नाही हो, काकू! पाण्याचाच डाउट होता मला. खरंच."

"पाण्याचाच?" काकूंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं वेडे, आणि मी दोन महिने..." त्या हसायला लागल्या. हसता हसता थांबल्या.

चारुता दुधाची बाटली चोखत होती. तिच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवली जायची.

"म्हणजे तुला माहीत होतं."

"पक्कं नव्हतं. रिझल्ट येईपर्यंत फॅमिलीला काही सांगायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात."

काकूंनी चारुताच्या तोंडातली बाटली काढून घेतली. ती भोकाड पसरून रडू लागली.

"आणि स्वतः प्यायचं नाही, तेही शिकवतात?"

"नाही," नेत्रा म्हणाली. "ते माझं मीच ठरवलं."