कानातली घंटा

शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या कानात एक दिवस बारीक शिट्टी वाजू लागली, ती थांबेचना. कानाचे डॉक्टर म्हणाले, "इलाज नाही, सवय करून घ्या." सवय कसली! मशीन चालू असलं की ठीक. पाय थांबला की तो आवाज डोकं खायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नवऱ्याचं साधं बोलणंही टोचायचं.

सासरे घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तसं त्यांनी काम सोडलं आणि दुपारी सुनेकडून पोथी वाचून घेऊ लागले. ती वाचायची, पण उरकल्यासारखी, भराभर.

त्या दिवशी कथा आली एका राजाची. नगरात अखंड घंटा वाजते, राजाची झोप उडते. वाजवणाऱ्याला धरून आणायला तो शिपाई पाठवतो. गेलेला एकही परतत नाही. शेवटी नगरातले दिवे विझतात आणि राजा एकटाच निघतो.

तिने पोथी मिटली. "बाबा, इथेही माझ्याच राशीला आली का ही घंटा?"

सासरे हसले. "अगं, नगर म्हणजे तूच. राजाही तूच. आणि शिपाई म्हणजे तुझी ही चिडचिड. पाठव अजून दहा!"

"मग करू काय?"

"राजाने काय केलं ते वाच की."

तिने पुढे वाचलं. राजा आवाजाच्या दिशेने चालत गेला. घंटेपाशी कुणीच नव्हतं. तो तिथेच टेकला आणि ऐकत राहिला.

पोथी बाजूला ठेवून तीही डोळे मिटून बसली. पहिल्यांदाच त्या आवाजाशी भांडली नाही. शिट्टी होतीच, पण त्या शिट्टीभोवती केवढी तरी मोकळी शांतता पसरलेली होती. खांदे आपोआप सैल झाले, डोळे भरून आले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "बाबा, तुम्ही यात कुठे आहात?"

सासरे हळूच म्हणाले, "दिवे विझतात ना, तिथे. मला फार भीती वाटते गं, पोरी."

हे त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने त्यांचा हात हातात घेतला. मग म्हणाली, "दिवे होते तोवर राजा नुसते शिपाईच पाठवत बसला, बाबा. अंधार झाला तेव्हा कुठे स्वतः उठला. ऐकत ऐकत पोहोचलाच ना?"

"हा अर्थ मला नव्हता लागला," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. "पुन्हा वाच. जरा सावकाश."

दारात गिऱ्हाईक आलं होतं, कोटाची बाही जोडायची राहिली होती.

"थोड्या वेळाने या हो," तिने बसल्या जागेवरून सांगितलं आणि पोथी उघडली.