गोपीचंदच्या झडत्या

"काउंटरच्या खाली नेऊ नको त्याले. मले दिसलं पायजे."

"मावशी, मेमरी कार्ड हाय, हिरा नाही."

"तुह्यासाठी नसन."

झालं! दुकान उघडून टेकतो न टेकतो तोच गिऱ्हाइकानं आपल्याला चोर ठरवलं. साकोलीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. या धंद्यावर लोकांचा विश्वास तसाही जेमतेमच. आतला चांगला पार्ट हा काढून घेतो, असा भाव प्रत्येकाच्या डोळ्यांत असतो. सवय झाली आहे म्हणा. पण ही सत्यवतीबाई सगळ्यांच्या वरताण. "भूपेंद्रचा हात साफ हाय म्हून कोणी सांगतलं, म्हून आली," असं म्हणाली आणि माझ्या त्याच साफ हाताकडे टक लावून बसली. मला स्वतःच्याच बोटांचा संशय यायला लागला.

तिची सून दामिनी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिला काउंटरजवळ यायची परवानगी नव्हती.

"हिनंच मिटवलं," सत्यवतीबाई मला म्हणाली. सून ऐकते आहे, याची तिला काडीची फिकीर नव्हती. "पोळ्याच्या आधी मले म्हणे, आई, कार्ड भरलं, काही मिटवू का? गाणे टाकाचे होते तिले. अन् पोळा झाल्यावर पायलं तं आवाज गायब!"

"कोणाचा आवाज?"

"मनिषच्या बाबाचा. गोपीचंद. झडत्या म्हणत ना?"

तिच्या नवऱ्याचं, गोपीचंदचं, नाव मीही ऐकून होतो. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की आमच्याकडे झडत्या म्हणतात. महादेवाचं नाव घेऊन सुरुवात करायची आणि मग सरपंचापासून पटवाऱ्यापर्यंत ज्याची त्याची यमकात हजेरी घ्यायची. गोपीचंद त्यातला वस्ताद. तो म्हणायला लागला की सारं गाव पोट धरून हसायचं. एरवी वर्षभर माणूस जवळजवळ मुका, खाली मान घालून धानाच्या बांधीत राबणारा. मागच्या थंडीत तो गेला. मुलगा मनिष बैलजोडी विकून नागपूरला कामाला लागला. घरात या दोघी राहिल्या, आणि गोपीचंदचा आवाज साठवलेला हा बटनांचा मोबाईल.

"दुसरीकडे कॉपी नाही काढली?"

"मी म्हटलं होतं," दामिनी हळूच बोलली.

"तुह्या हाती कार्ड देऊ? मंग तं झालंच!"

कार्ड तिच्याच मोबाईलमध्ये घालून तो बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. कार्ड माझ्या मोबाईलमध्ये घालून पाहिलं, मग रीडरमध्ये टाकून कॉम्प्युटरला लावलं. कार्ड लावलं आहे, याचीसुद्धा कॉम्प्युटरला खबर नाही.

"काय म्हणते थो?"

"काहीच म्हणत नाही, मावशी."

"बदलून तं नाही टाकलं?"

"अवो, तुमच्या डोळ्यांपुढं तं हाय!" मी वैतागलो. एक तर सकाळचा चहा व्हायचा होता.

भिंग लावून पाहिलं. कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या लख्ख असायला हव्यात. इथं त्यांच्यावर कसलंतरी पिवळं किटण धरलं होतं. स्पिरीटचा कापूस फिरवला. बोळा पिवळाजर्द झाला. हळद!

"मावशी, हळद कायची हाय ही?"

"पूजेची," ती ताठ बसून म्हणाली. "पोळ्याले दारात बैल नाहीत, मंग कोणाची पूजा करू? ज्याच्यात मनिषचे बाबा बोलत, त्याची केली. कार्ड काढलं, बैलासारखी आंघोळ घातली, हळद लावली, निवद दाखवला. अन् ठेवलं जागच्या जागी."

"पुसून?"

"पूजा केल्यावर पुसते का रे कोणी?"

पुढचं विचारायची गरज नव्हती. ओलं कार्ड आत घातलं, बॅटरी लावली, बटन दाबलं. आतल्या आत शॉर्ट होऊन कार्ड जळालं. आता त्यातून कोणीही काही काढू शकणार नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात दामिनीकडे नजर गेली. ती मान हलवून मला नको म्हणत होती.

म्हणजे तिला माहीत होतं! पोळ्यापासून सकाळ-संध्याकाळ बोलणी खाऊनही ही पोरगी गप्प होती.

"आई," ती पुढे आली. "मीच मिटवलं. चुकून बटन दाबल्या गेलं."

आता म्हातारी दुकान डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. जे वदवून घ्यायला ती इतके दिवस झटत होती, ते आयतं पदरात पडलं होतं. पण संशयी माणसाला कबुलीसुद्धा सहज पचत नाही. तिनं डोळे बारीक करून आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मिटवलं असतं तं बाकीचे गाणे दिसाले पायजे होते ना?"

मी भिंग पुसायला घेतलं.

"बोल ना! मघापासून तं लय तोंड चालून राहिलं होतं तुह्यं."

"दिसले असते, मावशी."

तिनं तो पिवळा बोळा उचलला. नाकाशी नेला.

"पाणी गेलं?"

"हो."

"माह्या हातानं."

मी कार्ड तिच्यापुढे काउंटरवर ठेवलं.

ती सुनेकडे वळली. "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही वं? मी तुले चोट्टी म्हटलं. तुह्या मायबापाचा उद्धार केला."

"मले बोलून तुमी दोन घास जेवत तं होत्या, आई," दामिनी म्हणाली. "हे समजलं असतं तं जेवल्या नसत्या."

सत्यवतीबाईनं बोळा काउंटरवर ठेवला. दामिनी तिची समजूत काढायला लागली, "झडत्या मले पाठ हायेत. साऱ्या म्हणून दाखवीन."

"त्या तं गावाले पाठ हायेत, माय. आवाज कुठून आणशीन?" सत्यवतीबाई म्हणाली. "एकदा देवानं नेलं. उरलंसुरलं मीच घालवलं."

ती दुकानाच्या फरशीवरच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. बाजाराचा दिवस. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले. दामिनी तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी पदराचा आडोसा धरला. मी उठून शटर अर्धं खाली ओढलं.

"अरे भूपेंद्र, बंद काहून करून राहिला?" बाहेरून एक जण ओरडला.

"मयत झाली हाय," मी म्हटलं. "उद्या या."