नदीकाठी वाजलेली शिट्टी

मित्रांनो, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावी एका स्वयंपाकघरातल्या खणात, संपलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँड यांच्या गर्दीत पडलेली मी फौजेतली जुनी पितळी शिट्टी. खेळण्यातली समजू नका हं मला!

माझे धनी सुभेदार एकनाथ जगदाळे. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त होऊन ते गावी शेती बघत होते. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि त्यांना पुन्हा बोलावणं आलं. तान्ह्या लेकाला, संजीवला, बायकोच्या हाती देऊन, मला गळ्यात अडकवून ते ब्रह्मदेशात गेले.

तिथे माघार घ्यायची वेळ आली. नदीकाठी उभं राहून सुभेदारांनी मला जीव तोडून वाजवलं. माझा आवाज ऐकून रानातून त्यांचे शिपाई धावत येत होते. पण सगळे पोहोचायच्या आतच नावा सोडायचा हुकूम झाला. सुभेदारांना तो पाळावा लागला. मलाही गप्प बसावं लागलं.

पुढे म्हातारपणी ते संजीवकडे अमेरिकेत आले. १९८४च्या उन्हाळ्यात मराठी मंडळाची पिकनिक ठरली. मंडळाच्या सुलभाकाकू म्हणाल्या, "जगदाळेकाका, मुलं कंट्रोलच होत नाहीत. ह्या वेळी तुम्ही चार्ज घ्या ना, प्लीज." पुन्हा बोलावणं! सुभेदारांचा चेहरा किती खुलला म्हणून सांगू! घासायला राख मिळेना, तर त्यांनी टूथपेस्ट लावून मला लखलखीत केलं.

पिकनिकहून निघायच्या वेळी त्यांनी मला वाजवलं. मुलं पळत येऊन रांगेत उभी राहिली. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सुभेदार थांबेनात. समोरच्या झाडीकडे बघत ते मला वाजवतच राहिले.

"आजोबा, वी आर ऑल हिअर," त्यांची नात विनीता म्हणाली.

"तू आलीस गं, बाळा. पण माझी पोरं अजून कुठं आलीत?"

संजीवने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "बाबा, इनफ. सगळे बघतायत." घरी आल्यावर त्याने मला ह्या खणात टाकलं.

त्यानंतर सुभेदार मला शोधत राहिले. कपाटात, कोटाच्या खिशांत, उशीखाली. एकदा तर त्यांनी हाच खण उघडला. त्यांची बोटं बॅटऱ्यांवरून फिरली. मी तळाशी होते. खण बंद झाला. पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात सुभेदार गेले.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं काही काढून घेण्याआधी, तो कुणाला हाक मारतोय एवढं तरी विचारा. मला फार वाईट वाटतं. साऱ्या रानाला ऐकू जाणारी मी, खण उघडला त्या दिवशी त्यांना साधी ओ देऊ शकले नाही. शिट्टीला आपणहून वाजता येत नाही.