सासऱ्यांनी सांगितलेलं उत्तर

माझ्या सासऱ्यांनी मला परीक्षेत उत्तर सांगितलं, असा आरोप तुम्ही ठेवलाय. "शिका कुठेही, कधीही" असं ठळक अक्षरांत छापणारं विद्यापीठ तुमचंच ना? मग आमच्या घरी काय झालं तेही ऐका.

मी शिलाईच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावते. सुपरवायझरची जागा रिकामी आहे. तिला पदवी लागते आणि पदवीला तुमचा हा शेवटचा ऑनलाइन पेपर. तुमचा नियम असा, की पेपर चालू असताना खोलीत दुसरं माणूस नको. आमच्याकडे मुळात खोलीच एक. सासूबाईंना नियम वाचून दाखवला तर म्हणाल्या, "मी जाते बाहेर. पण यांना कुठे ठेवू, खुंटीला?"

झटका आल्यापासून सासरे अंथरुणाला खिळलेत. वाचा गेली. चमच्याने भरवावं लागतं. म्हणून त्यांच्या खाटेपुढे फुलाफुलांची चादर टांगली. सासूबाई आणि नवरा जिन्यात जाऊन बसले. पेपरावर नजर ठेवणारं तुमचं यंत्र म्हणालं, खोली चारी बाजूंनी दाखवा. नणंदेचा उसना लॅपटॉप मी कडेवरच्या पोरासारखा खोलीभर फिरवला. चादरीवर यंत्राचा काही आक्षेप नव्हता. फुलं आवडली असावीत.

प्रश्न होता, कामगारांना प्रेरणा कशी द्याल? मी लिहीत होते, आधी पंखा दुरुस्त करा. तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा लाल झाला. 'दुसऱ्या व्यक्तीने उत्तर सांगितल्याचे आढळले. परीक्षा रद्द.'

तुमच्या मदतकेंद्राला फोन लावला, स्पीकरवर. घरचेही आत येऊन ऐकत होते.

"अहो, ते माझे सासरे आहेत. त्यांना बोलता येत नाही."

"मॅडम, आवाज टिपला गेलाय."

"घसा खाकरला असेल."

"शब्द असल्याशिवाय सिस्टिम पकडत नाही. आणि सिस्टिम चुकत नाही."

"मग ऐकवा ना मला."

"रेकॉर्डिंग गोपनीय असतं. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "बाबा सहीपुरते शिकले, आणि आता बसल्याजागी मॅनेजमेंट शिकवायला लागले." मला हसू फुटलं. सासूबाई हसल्या नाहीत.

"काय म्हणाले गं हे?"

"काही नाही हो आई. यंत्र आहे ते."

"शब्द होता म्हणाला ना तो. एवढ्या शिकलेल्यांचं यंत्र, खोटं कशाला बोलेल?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मी मेली जिन्यात बसलेली."

तेव्हापासून त्या खाटेपासून हलत नाहीत. भाजी चिरायची तीही तिथेच. मिक्सर लावला की डोळे वटारतात. शेजारीण आली तर तोंडावर बोट. मधेच सासऱ्यांच्या कानाशी वाकून म्हणतात, "अहो, सुनेला सांगितलंत ना, मग मलाही सांगा की." ते छताकडे बघत राहतात. त्या वाट बघत राहतात. आणि मी कारखान्यातून आले की रोज एकच प्रश्न, "आला का गं त्या परीक्षावाल्यांचा फोन?"

तेव्हा दोनातलं एक करा. यंत्र चुकलं असेल तर तसं लिहून द्या आणि माझा पेपर पुन्हा घ्या. ती जागा माझ्यासाठी थांबणार नाही. आणि चुकलं नसेल, तर एका बाईचा नवरा बोलला आणि ती नेमकी तुमच्या नियमापायी जिन्यात होती. त्याचा आवाज तुमच्याकडे आहे. तारे मागाहून देईन, आधी सांगा: काय म्हणाले माझे सासरे?